कावळ्यांचा डूख

तनुजानं भज्यांची कढई गॅसवर चढवली तेव्हा दयानंद हॉलमधल्या आरशासमोर हेल्मेट घालून उभा होता. त्याला बाहेर कुठंच जायचं नव्हतं. फक्त वर गच्चीवर जायचं होतं.

“ते काढा आधी,” तनुजा आतूनच म्हणाली. “आबांच्या पितराचा घास काय हेल्मेट घालून ठेवणार?”

“माझं तोंड दिसलं तर ते येणार नाहीत.”

“आणि डोक्यावर हे मडकं बघून आई काय म्हणतील?”

दयानंदनं मुकाट्यानं हेल्मेट काढून चपलांच्या कपाटावर ठेवलं. तनुजाला उत्तर देण्यात अर्थ नसतो, हे त्याला लग्नाच्या पहिल्या वर्षातच कळलं होतं.

दयानंद नांदेडच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायचा. प्राण्यांचं सामाजिक वर्तन आणि त्याची उत्क्रांती, हा त्याचा जिव्हाळ्याचा विषय. मुंग्या दुसऱ्यांच्या अंड्यांसाठी का राबतात, वानरांच्या टोळीत आधी कोण खातं, स्वतःचा जीव धोक्यात घालून एखादा पक्षी इतरांना सावध का करतो, हे तो इतका जीव ओतून सांगायचा की मागच्या बाकावरची पोरंसुद्धा मोबाइल पालथा घालून ऐकायची. “एकट्यानं राहणं सोपं असतं,” तो सांगायचा. “खाणं वाटून घ्यावं लागत नाही, कुणाचं ऐकावं लागत नाही. तरी लाखो वर्षांत कितीतरी जीव एकमेकांजवळ राहायला शिकले. का? कारण पडलो तर ओरडायला कुणीतरी लागतं.”

हे तो वर्गात सांगत होता तोवर ठीक होतं. जूनमध्ये हा विषय त्याच्या फाटकाशी आला. दारातल्या कडुनिंबावरून कावळ्याचं पिल्लू खाली पडलं आणि गल्लीतलं कुत्रं त्याच्या रोखानं निघालं. दयानंदनं पिल्लाला रुमालात धरून उचललं आणि अलगद कंपाउंडच्या भिंतीवर ठेवलं. पिल्लू वाचलं. पण त्याच्या आईबापांनी पाहिलं ते एवढंच, की एका चष्मेवाल्या माणसानं आपलं लेकरू मुठीत धरलंय. दोघांनी मिळून त्याच्या टाळूवर चोची मारल्या. त्या दिवशी दयानंदला आनंदच झाला. दुसऱ्या दिवशी टाळूवरची पट्टी वर्गाला दाखवून त्यानं सामूहिक बचाव हा भाग शिकवून टाकला.

आनंद आठवडाभरच टिकला. कावळे काही विसरले नाहीत, उलट त्यांनी ही बातमी पाहुण्यारावळ्यांत पसरवली. त्या पिल्लाशी ज्यांचा काडीचा संबंध नव्हता असे कावळेही दयानंद दिसला की आरडाओरडा करत डोक्यावर यायला लागले. पुढं ते पिल्लू स्वतः उडायला शिकलं आणि आईबापांच्या बरोबरीनं आपल्या जीवदात्यावर चोच परजू लागलं. तेव्हापासून दयानंद कोपऱ्यावर कोथिंबीर आणायलाही हेल्मेट घालून जायचा. कॉलनीत त्याचं नाव झालं. सर पायी चालतानासुद्धा नियम पाळतात, असं लोक आपापल्या मुलांना सांगायचे. खरी गोष्ट फक्त तनुजाला ठाऊक होती, आणि हसून हसून तिच्या डोळ्यांत पाणी यायचं.

ही गंमत नवराबायकोतच राहिली असती. पण आता केवळाबाईचा प्रश्न होता.

केवळाबाई म्हणजे दयानंदची आई. आबा, म्हणजे त्याचे वडील शेषेराव, जाऊन वर्ष होऊन गेलं होतं. वर्षभर ती भोकरकडच्या आपल्या गावात एकटीच राहिली. श्रावणात एक दिवस रक्तातली साखर उतरून अंगणात पडली, आणि शेजारच्या दानम्मानं पाहिलं म्हणून निभावलं. दयानंद गाडी करून गेला आणि तिला घेऊन आला. ती आली, पण कपडे कपाटात लावायला काही तयार होईना.

“पित्तर होऊ दे आधी,” ती म्हणाली होती. “त्यांना इचारल्याबिगर मी घर सोडून कधी ऱ्हायले न्हाई. कावळा शिवला तर ऱ्हाईन. न्हाई शिवला तर त्यांच्या मनात न्हाई असं समजायचं. मंग दुसऱ्या दिवशीच्या यष्टीत मला बसवून दे.”

दयानंदनं समजावलं, तनुजानं विनवलं. केवळाबाई ऐकून घ्यायची, मान हलवायची आणि पुन्हा तेच म्हणायची. त्यात आज सकाळी तिनं साखर कमी करायची गोळी घेऊन ठेवली होती, आणि कावळा जेवल्याशिवाय ती तोंडात घास घालणार नव्हती. आई इथं राहणार की त्या रिकाम्या घरात पुन्हा एकटी जाऊन पडणार, हे आता कावळ्यावर ठरणार होतं. आणि अख्ख्या नांदेडात कावळ्यांनी डूख धरला होता तो नेमका तिच्या मुलावर.

“आई, घास काकांनी ठेवला तर चालेल का?” त्यानं शेवटचा प्रयत्न करून पाहिला. “मी खालीच थांबतो.”

“बाप तुझा की त्यांचा?” केवळाबाई म्हणाली. “लेकरानं हाक मारल्याबिगर ते कसे येतील?”

प्राणिशास्त्र बाजूला ठेवून दयानंदनं केळीचं पान उचललं.

व्यंकटराव काका, आबांचे धाकटे भाऊ, सकाळच्या जीपनं गावाहून आले होते. आल्याबरोबर त्यांनी डोळे मिटून एक दीर्घ श्वास घेतला आणि आत खीर, कढी, वडे आणि भजी असल्याची खात्री करून घेतली. “दया, जल्दी उरकू,” ते म्हणाले. “पितरांना उपाशी ठेवणं बरं न्हाई.” कुणाच्या पोटाची काळजी त्यांना जास्त होती, ते सांगायला नको.

दोघं गच्चीवर गेले. दयानंदनं केळीचं पान कठड्यावर मांडलं, हात जोडले आणि घसा खाकरून जमेल तितक्या प्रेमानं “काव, काव” केलं. लगेच एक कावळा डिशच्या छत्रीवर येऊन बसला. त्यानं मान तिरकी करून पानाकडं पाहिलं. मग दयानंदकडं पाहिलं. पुन्हा एकदा नीट पाहिलं. आणि मग तो जे ओरडला ते दयानंद झोपेतही ओळखू शकला असता. कावळा उडून गेला.

“बघितलं?” काका कुजबुजले. “दादा आला, तुझं तोंड बघितलं अन् परत गेला. काहीतरी राहून गेलंय त्याच्या मनात.”

“काका, तसं काही नाही. कावळे माणसाचा चेहरा लक्षात ठेवतात. मी जूनमध्ये त्यांचं पिल्लू उचललं होतं, म्हणून ते माझ्यावर चिडून आहेत.”

“चेहरा ठेवतात?” काकांनी त्याच्याकडं कीव केल्यासारखं पाहिलं. “मी उभ्या जल्मात ज्वारीवरनं गोफणीनं किती कावळे उठवले, काही गणती न्हाई. मपला चेहरा कामून न्हाई ठेवला कुणी?”

“गावाकडचे कावळे वेगळे, काका. हे इथले.”

“म्हंजे हे शिकलेले हायत?”

काका पानाजवळ गेले, हात जोडले आणि आभाळाकडं बघून दमदार आवाजात म्हणाले, “दादा, तुझ्या मनात काय हाय ते मला ठाऊक हाय. आपल्या शिवमचं व्हय ना?” शिवम हा काकांचा धाकटा मुलगा. डॉक्टरकीच्या प्रवेश परीक्षेत तो दोनदा आपटला होता. “पोरानं नांदेडला दयाकडं राहून क्लास लावावा, अशी दादाची लई इच्छा व्हती. मला शेवटाला बोलला व्हता. दया, सोड पाणी हातावरून.”

“आबा असं कधी बोलले?”

“तू व्हतास का तिथं? सोड पाणी.”

खाली आई उपाशी बसली होती. दयानंदनं तांब्यातलं पाणी सोडलं. कावळा आला नाही. समोरच्या गच्चीवर दुसऱ्या कुणाच्या तरी पितराची पुरणपोळी मात्र तीन कावळे मिळून ओढत होते.

बाजूच्या गच्चीवर तेवढ्यात धोंडप्पा दिसले. त्यांचं खाली किराणा दुकान होतं. मूळचे उदगीरचे, गळ्यात लिंग, कपाळावर भस्म आणि जगातल्या प्रत्येक माणसाची अडचण आपली समजण्याचा स्वभाव. दुकान उघडायच्या आधी ते रोज गच्चीवर शेव टाकायचे आणि कॉलनीतले झाडून सगळे कावळे त्यांच्याकडं नाश्त्याला यायचे.

“काय झालं, सर? कावळं येईना का?”

“नाही ना, अप्पा.”

“आमच्यात हे कावळ्याचं न्हाई बघा. पण गिऱ्हाईक सगळं आपलंच हाय. थांबा जरा, बोलवतो. हौद्री, व्हय बघा, आत्ता येतील!”

दयानंदनं “नको, नको” म्हणेपर्यंत धोंडप्पांनी शेवेची थैली हलवली आणि आपली नेहमीची आरोळी ठोकली. कडुनिंबावरून, पाण्याच्या टाकीवरून, विजेच्या तारांवरून, कुठून कुठून कावळे उठले. सगळे आनंदानं धोंडप्पांच्या गच्चीकडं निघाले होते. वाटेत त्यांना दयानंद दिसला.

पुढं जे झालं ते पुस्तकात लिहिल्याबरहुकूम झालं. पहिल्यानं धोक्याची हाक दिली, दुसऱ्यानं ती उचलली, आणि बघता बघता दयानंदच्या डोक्यावर कावळ्यांचं काळं छत फिरू लागलं. कॉलनीबाहेरूनही कुमक आली. टाकीवर, कठड्यावर, कपड्यांच्या दोरीवर, जिथं जागा मिळेल तिथं कावळे बसले आणि सगळे एका सुरात दयानंदला शिव्या घालू लागले. एवढे कावळे, पण पानाला मात्र एकानंही चोच लावली नाही. दयानंदला एक क्षण वाटलं, वर्ग इथं आणायला हवा होता. दुसऱ्या क्षणी त्याच्या कानाजवळून एक चोच गेली आणि तो खाली बसला.

काकांच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला होता. “दया,” ते भिंतीला पाठ लावून म्हणाले, “हा नुसता दादा न्हाई. सगळं खानदान आलंय. सात पिढ्या आल्यात! काय करून ठेवलंस रे बाबा?”

आजूबाजूच्या गच्च्यांवर माणसं जमली. कुणी मोबाइल धरला, कुणी सल्ला. एक बाई म्हणाल्या, आबांना विडीची तल्लफ होती का, एक विडी ठेवून बघा. दुसऱ्या म्हणाल्या, घर बांधताना वास्तू नीट केली नसेल. धोंडप्पा “अय्यो, माझ्यामुळं झालं” असं म्हणत स्वतःच्याच गालावर हळूहळू चापट्या मारत होते. दयानंद कठड्याखाली उकिडवा बसून विचार करत होता. एक कावळा संकटात सापडला की सगळे धावून येतात, तसं एका माणसाचं पितर अडलं की सगळी कॉलनी धावून येते. दोन्हीकडं मदत थोडी आणि कालवाच जास्त.

त्या गलक्यात जिन्याच्या तोंडाशी केवळाबाई येऊन उभी राहिलेली कुणाच्या लक्षात आली नाही. गुडघ्याला हात लावून ती आभाळाकडं बघत होती.

“ऱ्हाऊ दे, दया,” ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. “मला कळलं. मी हितं आलेलं त्यांना पसंत न्हाई. उगं जीव परेशान करून घेऊ नको. मी सकाळी जाते.”

ती जशी आली तशी एक एक पायरी उतरून गेली. दयानंद चार पायऱ्या तिच्या मागं गेला. तो अठरा वर्षं मुलांना शिकवत होता की रक्ताची माणसं एकमेकांसाठी झीज का सोसतात, त्यात निसर्गाचा काय हिशेब असतो. या घटकेला त्याला त्यातलं एक वाक्य आठवेना. त्याला फक्त ते गावाकडचं अंगण दिसत होतं आणि त्यात पडलेली आई दिसत होती. ती तशी किती वेळ पडून होती, हे त्यानं दानम्माला अजून विचारलं नव्हतं. विचारायची त्याची छाती झाली नव्हती.

तो खाली येऊन हेल्मेट घालून पुन्हा वर गेला आणि तितक्याच वेगानं परत आला.

“हेल्मेट पण ओळखतात ते,” तो धापा टाकत म्हणाला. “तीन महिने रोज बघतायत. आमच्या पोरांपेक्षा लवकर शिकतात.”

तनुजानं गॅस बंद केला. आता ती हसत नव्हती. “आईंचे हात थरथरायला लागलेत. साखर घालून पाणी देते म्हटलं तर ते पण नको म्हणाल्या. काहीतरी करा.”

“काय करू? तोंड बदलून आणू का?”

तनुजा त्याच्याकडं बघत राहिली. मग पदर खोचून सासूच्या खोलीत गेली. केवळाबाई हॉलमध्ये आबांच्या फोटोसमोर भिंतीला टेकून बसली होती. खोलीतल्या खाटेखाली तिनं गावाहून आणलेली पत्र्याची पेटी होती. तीत आबांचं धोतर, बंडी, पटका आणि जाड काड्यांचा चष्मा होता. वर्षभर ती ते कपडे महिन्याच्या महिन्याला धुऊन, उन्हात घालून, घडी करून ठेवत आली होती.

“हे घाला,” तनुजा हलक्या आवाजात म्हणाली. “कावळ्यांनी हा माणूस अजून बघितलेला नाही.”

धोतर नेसता येणारं घरात कुणी नव्हतं. तनुजानं आपल्याला येत होतं तसं, म्हणजे नऊवारीच्या अंदाजानं, नेसवून दिलं. पटका तीनदा सुटला आणि चौथ्यांदा बसला. आपला चष्मा काढून आबांचा लावला तेव्हा दयानंदला समोरच्या तनुजाच्या जागी नुसता एक हिरवा ढग दिसू लागला. त्या ढगानं त्याचा पटका सारखा केला, आणि हात तिथंच राहू दिला.

“काय झालं?”

“काही नाही. जा तुम्ही. जरा वाकून चाला.”

मागच्या दारानं बाहेर पडून, भिंत चाचपत, वाकून, एकेक पायरी मोजत दयानंद वर गेला. गच्चीवर एव्हाना काका एकटेच होते. पानासमोर मांडी घालून ते पितरांशी तडजोडीच्या गोष्टी करत होते. पायरव ऐकून त्यांनी मागं पाहिलं. जिन्यातून पांढरा पटका वर येत होता, मग जाड चष्मा, मग बंडी, मग ते धोतर.

काकांनी बसल्या जागीच हात जोडले.

“दादा! दादा, चुकलं मपलं! ते शिवमचं तू काही बोलला नव्हतास. मीच मपल्या मनानं घातलं मधी. पोराची लई फिकीर लागली रे मला. शपथ घेऊन सांगतो, आता उतरतो बघ खाली, तुझं तुझं जेवून घे!”

दयानंदनं तोंड उघडायच्या आत काका त्याच्या अंगाला अंग न लावता, भिंतीला घासत जिना उतरून गेले. एवढ्या वयाचा माणूस एवढ्या चपळाईनं उतरलेला त्या कॉलनीनं पाहिला नव्हता.

दयानंद कठड्याजवळ जाऊन उभा राहिला. कावळ्यांचा गलका आधी जरा वाढला, मग अडखळला, मग एकेकानं आवाज बंद केला. हा म्हातारा नवा होता. याचं त्यांच्याशी काही वैर नव्हतं. शेजारच्या गच्चीवर धोंडप्पाही कपाळाला हात लावून गप्प उभे होते. इतकी शांतता झाली की खालच्या नळाचं टपटपणं ऐकू यायला लागलं. त्या शांततेत दयानंदनं हळूच हाक मारली.

“काव... काव...”

कठड्यावर काहीतरी काळं उतरलं. कावळा असावा. त्या चष्म्यातून दयानंदला पान हिरवं आणि कावळा काळा एवढंच कळत होतं, आणि दोघांमधलं अंतर किती आहे ते कळत नव्हतं. तो श्वास रोखून उभा राहिला. आणि मागं जिन्यात बांगड्या वाजल्या.

“आलात व्हय,” केवळाबाई म्हणाली.

दयानंद जागच्या जागी थिजला. वळावं तर आईला कळेल, आणि तोंड दिसलं तर कावळाही उडेल. तो पाठमोराच राहिला.

“लई उशीर केला,” ती म्हणत होती. ती पायरीवरच बसली असावी, आवाज खालून येत होता. “मी सकाळधरनं उपाशी हाय. तुम्हाला ठाऊक हाय ना, माझ्यानं आता ऱ्हावत न्हाई. गावाकडच्या घराला कुलूप घातलंय. म्हस व्यंकटरावाच्या गोठ्यात बांधली. तुळशीला पाणी घालायला दानम्माला सांगितलंय, ती घालती. तुमची खाट तशीच हाय. पण दिवस कलला की घर खायला उठतं हो. अंगणात पडले तवा आभाळ दिसत व्हतं नुसतं. हाक मारावी म्हणलं तर कुणाला मारावी, तेच सुचंना.”

कठड्यावरचं काळं पानाच्या जवळ सरकलं. दयानंदच्या डोळ्यांत पाणी भरलं आणि जे थोडं दिसत होतं तेही दिसेनासं झालं. ते पुसायला हात वर करायची सोय नव्हती.

“हितं सूनबाई चांगली हाय,” केवळाबाई म्हणाली. “दया पण चांगला हाय, जरा येडा हाय. मी ऱ्हाऊ का हितं?”

आबांना कुणी काही विचारलं की ते आधी खाकरायचे आणि मग नुसतं “हं” म्हणायचे. त्या एका अक्षरावर त्या घरातली लग्नं ठरली होती, विहीर खणली गेली होती, आणि अकरावीतल्या दयानंदला नांदेडला शिकायला धाडलं गेलं होतं. दयानंदनं आयुष्यात कधी आबांची नक्कल केली नव्हती. तो खाकरला.

“हं,” तो म्हणाला.

मागं केवळाबाईनं नाक ओढल्याचा आवाज आला. आणि त्याच वेळी शेजारच्या गच्चीवरून धोंडप्पा आपलं काळीज फुटेल एवढ्या मोठ्यानं ओरडले, “शिवला! सर, शिवला! भजं उचललं बघा, भजं!”

सगळ्या कॉलनीनं टाळ्या वाजवल्या. एकामागून एक कावळे उतरले आणि त्यांनी खीर, कढी, वडा कशालाही नाही म्हटलं नाही. त्यांतला एक लहान होता, चोच अजून कोवळी, आणि तो अगदी दयानंदच्या कोपराजवळ बसून वडा खात होता. तो कोण, ते दयानंदला दिसत नव्हतं, हे दोघांच्याही दृष्टीनं बरं झालं.

जेवणाची पंगत बसली तेव्हा दयानंद पँट-शर्टात होता. केवळाबाईनं दोन पोळ्या खाल्ल्या आणि वर कढी मागून घेतली. काका खाली मान घालून जेवत होते. खीर तिसऱ्यांदा घेतानाही त्यांनी वर पाहिलं नाही.

“काका,” दयानंद वाढता वाढता म्हणाला, “शिवमला पाठवून द्या. वरची खोली रिकामीच आहे.”

काकांचा घास हातातच राहिला. “पर दादा तर काही बोलला नव्हता...”

“मी बोलतोय ना.”

काकांनी डोळे पुसले. मग आणखी एक वडा घेतला.

पाहुणे पांगले, भांडी झाली, आणि केवळाबाई वामकुक्षीला कलंडली. ती झोपली असं बघून दयानंद चोरपावलांनी तिच्या खोलीत गेला, खाटेखालची पेटी ओढली आणि धोतर आत घालायला लागला.

“तसं कोंबू नको,” खाटेवरून आवाज आला. “घडी मोडती.”

दयानंद पेटीसमोर गुडघ्यांवर बसलेला होता, तसाच राहिला. “आई... तुला कळलं होतं?”

“एवढी वर्सं संसार केला. पाठ वळखू येणार न्हाई व्हय मला?” ती उठून बसली, धोतर त्याच्या हातातून घेतलं आणि मांडीवर पसरून घडी घालू लागली. “त्यात बाईमाणसावानी नेसलेलं. ते असे दिसले असते तर आधी मीच हसले असते.”

“मग बोलली का नाहीस?”

“कावळा जेवून ऱ्हायला व्हता. भरल्या पानावरून उठवायचा का त्याला?”

तिनं घडीवर हात फिरवला. दयानंदला वाटलं, आता ती उद्याच्या एसटीचं काढेल. त्यानं मनातल्या मनात सगळी कारणं जुळवायला सुरुवात केली, डॉक्टरांची, औषधांची, तनुजाची, आणि त्यातलं एकही त्याला पुरेसं वाटेना.

“आई, म्हणजे आता तू...”

“आता काय? ऱ्हाते की. हं म्हणलास न्हाई का तू?” ती म्हणाली. “तुम्ही दोघं मला ऱ्हा, ऱ्हा म्हणून सांगत व्हता. मला सांगणारं नको व्हतं रे. मला कुणाला तरी इचारायचं व्हतं.”

दयानंदनं तिच्या पायावर हात ठेवला. तिनं तो तसाच राहू दिला आणि दुसऱ्या हातानं पटका उचलून त्याच्या मांडीवर टाकला.

“हा वरच ठेव. सकाळी चहाच्या आधी बांधून ये जरा गच्चीवर. दोन-चार गोष्टी अजून इचारायच्या ऱ्हायल्यात.” ती पुन्हा आडवी झाली, कुशीवर वळली, आणि भिंतीकडं तोंड करून म्हणाली, “पण पहिल्याच खेपेला हं म्हणू नको. ते कधीच म्हणले न्हाईत.”